मँकोझेबच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण : संप्रेरकं बिघडवणाऱ्या रसायनांना आपल्या कायद्यात रकाना का नाही? (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

टीपकागद

मँकोझेब हे पिकांवर फवारायचं बुरशीनाशक. त्याच्या ७५ टक्के डब्ल्यूपीचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या पावडरीचा, पुडा हातात घेऊन बघा. पिवळसर पावडर, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. हिरवा म्हणजे सगळ्यांत कमी विषारी, असं दुकानदार सांगतो आणि लोक तेच धरून चालतात. पण हा रंग ठरतो कसा? तोंडावाटे किती मात्रा दिल्यावर निम्मे उंदीर मरतात, त्यावरून. शरीराच्या दर किलोमागे ५,००० मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की हिरवा. मरणाशिवाय दुसरं काही या त्रिकोणाला दिसत नाही.

मँकोझेबचा प्रश्न मरणाचा नाहीच. ते शरीरात, साठवणीत किंवा उष्णतेने फुटलं की त्यातून ईटीयू, म्हणजे इथिलीन थायोयुरिया तयार होतं. थायरॉइड पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) आयोडीन पकडून संप्रेरक घडवतं; ईटीयू त्यालाच अडवतं. थायरॉइड जास्त चालणाऱ्या रुग्णाला डॉक्टर कार्बिमॅझोल देतात, तिचं कामही हेच. फरक इतकाच, की ती गोळी रक्त तपासून मोजून दिली जाते.

युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मँकोझेबची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. कारणांत प्रजननाला घातक हे होतं आणि संप्रेरक-बिघाड हेही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १४ मे २०२० च्या मसुद्यात बंदीसाठी २७ कीडनाशकं होती, त्यांत मँकोझेब होतं. २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डायनोकॅप, मेथोमिल गेली, मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्के एसएल (द्रावण) गेलं. मँकोझेबचा मोजक्या पिकांवरचा वापर काढला, बाकी ते राहिलं. माझं म्हणणं : बंदी हवी, आणि त्याआधी नोंदणीच्या नियमांत संप्रेरक-बिघाडाचा स्वतंत्र निकष हवा.

ओलांडा

टीपकागद, तुमचा निकष कागदावर छान आहे. आता द्राक्षबागेतला ऑक्टोबर छाटणीनंतरचा चौदावा दिवस धरा. पोंगा (फुगलेला डोळा) उलगडलाय, तीन-चार पानं बाहेर, रात्री पाऊस, सकाळी दव. डाऊनी या बुरशीजन्य रोगाला याहून चांगलं हवामान नाही. मारणार काय?

मेटालॅक्झिल हे बुरशीनाशक एकटं मारून दमलेल्या बागा जगभर आहेत. स्ट्रॉबिल्युरिन गटाच्या औषधांना तर बुरशीने एका जनुकातल्या एका बदलाच्या जोरावर भीक घातली नाही. ही औषधं एकाच जागी मारतात, म्हणून प्रतिकार पटकन येतो. मँकोझेब बुरशीच्या आत अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून इतक्या वर्षांनंतरही चालतं. बाजारातल्या जोडऔषधांच्या लेबलावर बघा : सायमोक्झॅनिल ८ + मँकोझेब ६४, मेटालॅक्झिल-एम ४ + मँकोझेब ६४. मँकोझेब काढलंत की महागड्या भागाचा अंगरक्षकही जातो. मग तीच महाग औषधं चारऐवजी आठ वेळा मारावी लागतील आणि दोन हंगामांत तीही निकामी.

बोर्डोचं नाव काढाल म्हणून आधीच सांगतो. छाटणीच्या दिवशी खोड-ओलांड्यावर (खोड आणि आडव्या फांद्या) १ टक्का बोर्डो (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर) उत्तम. कोवळ्या फुटीवर थंड-ओल्या हवेत तोच करपा आणतो, घडावर निळे डाग पडले तर निर्यातीचा माल स्थानिकला जातो. शिवाय तांबं मातीत साठतं. युरोपनेही हेक्टरी सात वर्षांत २८ किलोंची मर्यादा घातलीच आहे.

लॅबचा_माणूस

दोघांनाही एक तांत्रिक गोष्ट. अवशेष तपासताना आपण बहुतेकदा मँकोझेब मोजतच नाही. नमुना स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतो आणि सुटणारा कार्बन डायसल्फाइड मोजतो. मँकोझेब, प्रोपिनेब, थायरम, झायरम, मेटिराम, सगळ्यांतून तोच वायू निघतो. अहवालात ‘डायथायोकार्बामेट्स’ असा या सगळ्या गटाचा एकच आकडा येतो, कोणतं मारलं ते कळत नाही. कोबी-लसणात तर काहीही न मारता आकडा येऊ शकतो, कारण गंधकाची संयुगं त्यांच्यात मुळातच असतात.

आणि मुख्य म्हणजे ईटीयू या पद्धतीत दिसत नाही. त्यासाठी एलसी-एमएसएमएस या सूक्ष्म मात्रा मोजणाऱ्या यंत्रावर वेगळी चाचणी लागते. ज्याच्यामुळे भांडण आहे तेच मोजलं जात नाही. निकषाआधी ही चाचणी सक्तीची करा.

गुणोत्तर

टीपकागद यांनी उंदरांच्या मृत्यूचा निकष झोडपला, पण थायरॉइडचे पुरावेही मुख्यतः उंदरांचेच आहेत. उंदराच्या रक्तातलं टी-४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, बारा ते चोवीस तासांत अर्धं होतं, माणसाचं साधारण आठवड्यात. माणसात ते प्रथिनाला घट्ट बांधलेलं राहतं, उंदरात तसा साठा नाही. म्हणून उंदराची ग्रंथी लवकर गडबडते. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही ईटीयूला गट ३ मध्ये ठेवलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो असं ठरवायला पुरावा अपुरा.

युरोपची पद्धत ‘धोका आहे का’ एवढंच विचारते, ‘किती मात्रेला’ हे नंतर. मात्रा न बघता बंदी घालायची तर उद्या मिठालाही लाल त्रिकोण द्या.

टीपकागद

मात्रेवरच बोलू. पंधरा किलोचं मूल. मँकोझेबचं रोजचं स्वीकार्य सेवन किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे मुलाला ०.४५ मिलिग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली द्राक्षांची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम, तीही कार्बन डायसल्फाइडमध्ये. २०० ग्रॅम द्राक्षं मर्यादेवर असली तर १ मिलिग्रॅम डायसल्फाइड, म्हणजे सुमारे १.८ मिलिग्रॅम मँकोझेब. मर्यादा पाळूनही चौपट. उंदीर कुठेच आला नाही यात.

गुणोत्तर

आला, तुम्ही बघितला नाही. ०.०३ हा आकडा प्राण्यांवरच्याच प्रयोगांतून, सुरक्षिततेचा भाग देऊन काढलेला आहे. दुसरं, मर्यादा म्हणजे सरासरी नव्हे, ती लेबलप्रमाणे फवारून दिसणाऱ्या अवशेषांची वरची कड आहे. आणि स्वीकार्य सेवन आयुष्यभर रोज खाण्यासाठी असतं, हंगामातल्या एका संध्याकाळसाठी नाही. तुमचा गुणाकार बरोबर, निष्कर्ष घाईचा.

सोनचाफा

सगळं मूल आणि ग्राहकावर चाललंय. बागेत बघा कोण आहे.

छाटणीनंतर पंधराव्या दिवसाच्या आसपास फेलफुटी (घड नसलेल्या जादा फुटी) काढायला बायका येतात, पुढे विरळणी आणि डिपिंग (घड द्रावणात बुडवणं). डाऊनीच्या फवारण्यांचाही हाच काळ. सकाळी दवाने पान ओलं असतं, कालची पावडर त्यावर तशीच, आणि हात उघडे. कोणी सुती मोजे घातलेच तर ते भिजून औषध धरून ठेवतात, म्हणजे उघड्या हातांहून वाईट. नायट्राइल रबराचे हवेत. फवारणीनंतर बागेत कधी शिरायचं, हे कामावर बोलावताना कोणी सांगत नाही.

गुणोत्तर, तुमचा टी-४ चा मुद्दा मान्य, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूला आईचंच टी-४ पुरतं. त्या बाईला दिवस गेल्याचं अजून कुणाला माहीतही नसतं. कोस्टा रिकाच्या केळी पट्ट्यात, जिथे मँकोझेब विमानाने मारतात, गरोदर बायकांच्या लघवीतलं ईटीयू इतर ठिकाणच्या सर्वसाधारण लोकांच्या सुमारे पाचपट भरलं. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथे उंदीर नव्हते.

ओलांडा

ताई, हे खरंय आणि यावर मी भांडणार नाही. फक्त बंदीऐवजी जे आजपासून करता येतं ते सांगतो.

डब्ल्यूपीची पावडर सोडा, ७५ टक्के डब्ल्यूजी दाणेदार घ्या. पुडा फोडताना उडणारी धूळच सगळ्यांत जास्त नाकात जाते, आणि तोंडावरचा रुमाल तिला अडवत नाही. लिटरला २ ग्रॅम, एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर ८०० ग्रॅम. ते आधी बादलीत कालवून मग टाकीत. टाकीतला ढवळणारा पंखा बंद पडला की पावडर तळाला बसते आणि शेवटच्या ओळींना दुप्पट जोर लागतो. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. बोर्डोच्या चुन्यात मँकोझेब मिसळू नका, ते फुटतं. उघडा पुडा पत्र्याच्या शेडमध्ये पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका, उष्णता आणि ओल लागली की ईटीयू पुड्यातच तयार व्हायला लागतं.

सोनचाफा

सगळं बरोबर, भाऊ, पण यातलं लेबलावर किती आहे? हिरवा त्रिकोण बघून माणूस मोजे घालेल?

लॅबचा_माणूस

आणि मोजतो कोणासाठी? निर्यातीच्या बागेचा नमुना प्लॉटवार निघतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनामुळे नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली, त्यानंतर ते रसायन चाचणीच्या यादीत आलं. लिहोसीन या नावाने ते त्याआधीही वापरात होतंच, त्या वेळी आपल्या मंडईत कोणी विचारलं नव्हतं. मंडईतल्या क्रेटला आजही प्लॉट नंबर नसतो.

ओलांडा

मग क्रेटवर प्लॉट नंबर टाका, ईटीयूची चाचणी करा, त्रिकोणाशेजारी ‘गरोदर महिलांनी फवारलेल्या बागेत शिरू नये’ असं ठळक छापा. ते झालं की बंदीवर बोलू. पर्यायी औषध हातात न देता आधी बंदी आणाल तर मँकोझेब चोरून, बिलाशिवाय येईल, आणि त्या पुड्यावर हिरवा त्रिकोणही नसेल.

टीपकागद

प्लॉट नंबर आणि ईटीयू चाचणीला मी तयार. पण ‘गरोदर महिलांनी’ नको. दिवस गेल्याचं माहीत नसतानाचाच काळ धोक्याचा आहे, हे सोनचाफांनी वर लिहिलंय. ‘फवारणीनंतर पान कोरडं होईपर्यंत आणि त्यापुढे अमुक तास कोणीही शिरू नये’, असं तासांच्या आकड्यासह हवं. तो आकडा नोंदणीच्या वेळी कंपनीने चाचणी करून द्यायचा.