फॉरवर्डचं बटण आणि कायदा

मेसेजिंग ॲपवरून अफवा पसरल्या, तरी ॲपची रचना हा कंपनीचा खासगी मामला, सरकारने फक्त गुन्हेगाराला धरावं, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. त्यासाठी कोणाचा मजकूर वाचावा लागला नाही, नुसता वेग कमी केला. (जीव जाईपर्यंत का थांबले, ते विचारू नका.)

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनी मात्र दुसरंच टोक गाठलं: आदेश आला की मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते कंपनीने सांगायचं. उद्या कोणत्या मेसेजबद्दल विचारणा होईल हे आधी कसं कळणार? म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी सोय) असलं तरी सगळ्यांच्याच मेसेजची काहीतरी खूण जपून ठेवणं आलं. त्यात मेसेज परदेशातून सुरू झाला असेल, तर भारतातला पहिला पाठवणारा हाच मूळ धरायचा, असं नियमच सांगतो. दुबईहून आलेली अफवा काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, की कागदोपत्री जनक काकूच!