कांदे नवमीची गोणी आणि फ्रीजरमधला परतलेला कांदा

सानपाडा, सोसायटीचा किचन ग्रुप

शनिवार

ए-६०२ काका: वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून आणलेली गोणी क्लब हाऊसच्या व्हरांड्यात ठेवली आहे. ज्यांनी नावं दिली होती त्यांनी संध्याकाळी ७ च्या आत आपापला वाटा तोलून न्यावा. उन्हाळी कांदा आहे, नाशिककडचा, चांगला सुकलेला. घरी नेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच बाहेर काढा. या हवेत पिशवीत घाम धरतो आणि कांदा सडतो. टोपलीत पसरा, बटाट्यांपासून लांब ठेवा.

डी-३०३ ताई: काका, खूप आभार. मंगळवारी कांदे नवमी आहे, भजी आणि थालीपीठं ठरलीच आहेत.

ए-२०३: काका, आमचे ५ किलो घेतले. आता सगळ्यांना एक विचारायचं होतं. आम्ही दोघंही ऑफिसातून आठच्या पुढे घरी येतो. त्यानंतर कांदा छान तांबूस होईपर्यंत परतत उभं राहणं जमत नाही, मग भाजी कच्चट लागते. सुट्टीच्या दिवशी एकदाच भरपूर परतून ठेवला तर चालतो का? कुठे ठेवायचा, किती दिवस टिकतो?

बी-७०१ काकू: अगं, चालतो की. मी डबे द्यायचे तेव्हा कित्येक भाज्या याच कांद्यावर उभ्या राहायच्या. नीट लिहिते, सवडीने वाच.

आधी ठरव कुठला हवाय. बिर्याणीवर घालतात तो कुरकुरीत बिरिस्ता वेगळा, आणि रश्श्यात विरघळून जाणारा मऊ कांदा वेगळा. करायची रीत वेगळी, ठेवायचीही वेगळी. तुला रोजच्या भाजीसाठी हवाय म्हणजे मऊ.

एका वेळी एक किलो घे. कढई गच्च भरली की कांदा परतला जात नाही, वाफेत नुसता शिजत राहतो. उभा चीर, देठापासून मुळाकडे, साधारण ३-४ मिलिमीटर जाड. कागदासारखा पातळ नको, मध्यावर यायच्या आत कडा करपतात. जाड बुडाची पसरट कढई घे. तीन-चार टेबलस्पून तेल आणि अर्धा चमचा मीठ सुरुवातीलाच. मिठाने पाणी सुटतं. पहिली दहा-बारा मिनिटं मध्यम आचेवर झाकण ठेव, मग झाकण काढून आच कमी कर.

यानंतर बराच वेळ काहीच होत नाहीये असं वाटेल. कांदा नुसता पांढरट, लिबलिबीत दिसेल. तिथे कंटाळून गॅस मोठा करायचा नाही. पाणी आटलं की कढईचा आवाज बदलतो, खदखद थांबते आणि चरचर सुरू होते. तो आवाज आला की कढईपाशीच थांबायचं, दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून हलवायचं. तळाला तांबूस थर धरेल. त्यावर दोन चमचे पाणी शिंपड आणि उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळ. खरी चव त्या थरात आहे. तो काळा होऊ दिला तर सगळा घाणा कडू. असं चार-पाच वेळा होतं. आधी गुलाबी, मग बदामी, मग गडद तपकिरी. पन्नास मिनिटं ते एक तास धरून चाल. किलोभर कांद्याचा शेवटी पाव किलोच्या आसपास उरतो.

ए-२०३: पाव किलो फक्त?

सी-४०४: ताई, कांद्यात ८८-८९ टक्के पाणीच असतं, तेच उडून जातं. आणि काकूंनी आवाजाचं सांगितलं ते अगदी बरोबर आहे. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. तांबूस रंग आणि तो भाजका वास ज्या क्रियेतून येतो ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. मायार क्रिया म्हणतात तिला, लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. म्हणून पाणी आटेपर्यंतचा वेळ टाळता येत नाही.

बी-५०६: साखर घातली तर लवकर होतो ना? आमच्याकडे केटरर घालताना पाहिलंय.

बी-७०१ काकू: साखर घातली की साखरेचा रंग येतो, कांदा आत कच्चाच राहतो. कांद्याला स्वतःची साखर पुरेशी असते, तिला वेळ द्यायचा. उन्हाळ्यात अलिबागचा पांढरा कांदा माळेने मिळतो ना, तो परतून बघ, किती गोड होतो ते कळेल.

ए-२०३: आणि खायचा सोडा?

सी-४०४: सोड्याने खरंच लवकर होतो, क्षार वाढला की मायार क्रिया वेग घेते. पण किलोला अगदी चिमूटभर. जास्त झाला तर साबणासारखी चव लागते, आणि थोड्यानेही कांद्याचा लगदा होतो. ग्रेव्हीत वाटून घालणार असाल तर चालेल. सँडविचमध्ये किंवा पुलावावर पाकळ्या दिसायला हव्या असतील तर नको.

बी-७०१ काकू: मी सोडा घालत नाही. घाई असेल तर कुकर. चिरलेला कांदा, तेल, मीठ, पाणी अजिबात नाही. मंद आचेवर एक शिट्टी, मग वाफ जिरल्यावर झाकण काढून पाणी आटवायचं आणि पुढे नेहमीसारखं परतायचं. मऊ होण्याचा वेळ वाचतो. परतण्याचा वाचत नाही.

डी-५०४ आजोबा: सर्वांनी काळजी घ्यावी. आत्ताच आलेला मेसेज आहे. चिरलेला कांदा हवेतले सगळे जंतू ओढून घेतो, रात्रभर ठेवलेला कांदा विषारी होतो, कधीही साठवू नये. कृपया पुढे पाठवा.

सी-४०४: आजोबा, हा मेसेज खूप वर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. कांदा हवेतून जंतू ओढत नाही. स्वच्छ सुरीने चिरलेला कच्चा कांदा बंद डब्यात घालून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस व्यवस्थित राहतो. वास पसरतो एवढंच. कृपया पुढे पाठवू नका.

पण साठवलेल्या कांद्यात एक धोका खरा आहे आणि त्याबद्दल कोणी मेसेज पाठवत नाही. माझं काम अन्न तपासणीच्या लॅबमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परतलेला कांदा तेलात बुडवून बरणीत भरायचा आणि ओट्यावर ठेवायचा, हे कोणीही करू नका. आपल्याला लोणच्याची सवय आहे, त्यामुळे तेलाचा थर दिला म्हणजे टिकतं असं वाटतं. लोणचं टिकतं ते आंबटपणा आणि भरपूर मिठामुळे. परतलेल्या कांद्यात दोन्ही पुरेसं नसतं. तेल फक्त हवा अडवतं, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला हवा नकोच असते. तो मातीत असतो, त्यामुळे जमिनीखाली वाढणाऱ्या कांदा-लसणावर त्याचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू कढईतल्या तासाभराच्या परतण्याने मरतीलच असं नाही. त्यांना मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, आणि ती किती वेळ द्यायची हे कारखान्यात मोजून ठरवलेलं असतं. उबेत, हवेशिवाय ते वाढले की जे विष तयार होतं त्याने स्नायू लुळे पडतात. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असंही नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात एका रेस्टॉरंटमधल्या परतलेल्या कांद्यामुळे २८ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाली होती. कांदा मार्गारीनमध्ये परतलेला होता आणि उबदार जागी तसाच ठेवला होता.

डी-३०३ ताई: बाप रे. आमच्याकडे लसूण तेलात घालून बाहेर ठेवतात.

सी-४०४: ताई, लसणालाही हेच लागू आहे. ते आजच फेकून द्या. पुढे करायचं तर थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

डी-५०४ आजोबा: बरं झालं सांगितलंत. ज्यांना पाठवला त्यांना तुमचं उत्तर पाठवतो.

ए-२०३: मग मी नक्की कसा ठेवू? आता थोडी भीती वाटते.

बी-७०१ काकू: भिऊ नकोस, फ्रीजर आहे ना. परतून झाला की कढईत तसाच ठेवायचा नाही, कढई तासभर गरम राहते. मोठ्या स्टीलच्या ताटात पातळ पसर, पंख्याखाली ठेव. हात लावता येईल इतका निवला की लगेच आत. दोन-तीन दिवसांपुरता एका छोट्या डब्यात घालून फ्रीजमध्ये, बाकी सगळा फ्रीजरला.

फ्रीजरसाठी बर्फाचा ट्रे घे, पण त्यासाठीच वेगळा, नाहीतर सरबताला कांद्याचा वास. एका खणात साधारण दोन टेबलस्पून म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणजे एक वडी हा जवळजवळ एक मध्यम कांदा. दोन जणांच्या भाजीला एक, आमटीला अर्धी, चिकनला दोन-तीन. हिशेब किती सोपा झाला बघ. रात्रभर गोठल्या की वड्या काढून झिपच्या पिशवीत भर, हवा दाबून काढ, वरून दुसरी पिशवी घाल. दुहेरी पिशवी नसेल तर आइस्क्रीमला वास लागतो. वर तारीख लिही.

सी-४०४: फ्रीज ४ अंशांच्या खाली असेल तर तीन-चार दिवस. फ्रीजर उणे १८ ला असेल तर तीन महिन्यांपर्यंत चव चांगली राहते. आणि निवायला दोन तासांच्या वर बाहेर नको, आपल्या हवेत तासाभरातच आत जाऊ द्या.

बी-१०२ ताई: आम्ही आगरी, आमच्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतंच. मी दर महिन्याला करून फ्रीजरला ठेवते. कांदा आधी एकटा परतून घेते, सुकं खोबरं वेगळं भाजते, मग लसूण, थोडे धणे घालून एकत्र वाटते. पाणी जेवढं कमी तेवढं बरं. पिशवीत चपटं पसरवते आणि गोठायच्या आधी पट्टीने आडव्या-उभ्या रेघा ओढते, म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. पण खोबरं लवकर खवट होतं, म्हणून महिन्यात संपवते.

बी-७०१ काकू: रेघांचं छान आहे. ट्रेचा पसारा नको असेल तर नुसत्या कांद्यालाही हेच करा.

बी-५०६: बिरिस्ताचं राहिलं. माझा पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी मऊ पडतो.

बी-७०१ काकू: एकसारखा पातळ चिरायचा, पाकळ्या हाताने सुट्या करायच्या, मध्यम गरम तेलात थोडा-थोडा तळायचा. पूर्ण तपकिरी व्हायची वाट बघायची नाही. सोनेरी झाला की झाऱ्याने बाहेर, कारण ताटातही तो स्वतःच्या उष्णतेने रंगत राहतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही. पावसाळ्यात बाहेर ठेवूच नकोस, फ्रीजरला ठेव. काढून तसाच वापरता येतो आणि कुरकुरीत राहतो. उरलेलं तेल गाळून आठवडाभरात मसालेभाताला किंवा उसळीच्या फोडणीला वापर, फार सुंदर लागतं.

सेक्रेटरी: वापरून संपलेलं तेल सिंकमध्ये ओतू नये ही विनंती. मागच्या पावसाळ्यात सी विंगची लाइन तेलानेच तुंबली होती. कांद्याची सालं ओल्या कचऱ्यात, प्लास्टिकच्या पिशवीशिवाय.

डी-३०३ ताई: आमच्याकडे सासूबाई आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण खात नाहीत. मुलांसाठी मात्र लागतो. आत्ताच करून चार महिन्यांचा ठेवला तर?

बी-१०२ ताई: फ्रीजरमध्ये घट्ट झाकणाचा वेगळा डबा करा, त्यांच्या वस्तूंना लागणार नाही असा. माझ्या माहेरी आजीसाठी असाच असायचा.

सी-४०४: उणे १८ ला सतत गोठलेला असेल तर चार महिन्यांनीही तो धोक्याचा नाही, फक्त चव उतरते, बर्फ धरतो. त्यापेक्षा आत्ता दीड-दोन महिन्यांपुरता करा आणि गणपती झाले की पुन्हा. उन्हाळी कांदा बाजारात तेव्हाही असतो. दिवाळीच्या आसपास नवा लाल कांदा येऊ लागतो. त्यात पाणी जास्त, आटायला वेळ लागतो आणि घरात टिकतही नाही.

रविवार

ए-२०३: काकू, झाला. एक किलोच्या ८ वड्या निघाल्या. रंग गुळासारखा आलाय. आवाज बदलतो ते खरंच ऐकू आलं. एक विचारायचं राहिलं, वापरताना आधी बाहेर काढून वितळवायची का?

बी-७०१ काकू: नाही, गोठलेलीच घाल. तेल गरम कर, मोहरी-जिरं तडतडलं की वडी टाक, आच कमी ठेव, दोन मिनिटांत सुटते. मग आलं-लसूण, टोमॅटो, मसाले. टोमॅटो मात्र ताजा परत, त्याचं पाणी आटायला हवं. आणि वडीत मीठ आहे हे लक्षात ठेवून भाजीत मीठ घाल. आज पिठलं करून बघ, शेवटी अर्धी वडी वरून.

ए-६०२ काका: लाइट जास्त वेळ गेली तर या सगळ्याचं काय?

सी-४०४: काका, दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४ तास. लाइट आल्यावर वड्यांमध्ये बर्फाचे खडे दिसत असतील तर तशाच राहू द्या. पूर्ण वितळून कोमट झाल्या असतील तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या. खालच्या फ्रीजमधला डबा मात्र चार तासांच्या वर लाइट गेली असेल तर वापरू नका.

ए-६०२ काका: समजलं. श्रावणाच्या आधी अजून एक गोणी आणतोय, नावं बुधवारपर्यंत द्या. अर्ध्या किलोचे वाटे होणार नाहीत, कमीत कमी २ किलो.

डी-३०३ ताई: आमचे ३ किलो लिहा.

ए-२०३: आमचे ५.