मदत हवी आहे: चिपळूणात आत्ता रात्री इन्सुलिन कुठे मिळेल?
आईची इन्सुलिनची बाटली फुटली. रात्रभर उघडं म्हणवणाऱ्या मेडिकलचं शटर खाली, पाटीवरचा नंबर नुसता वाजतोय. साखर आत्ताच 280, सकाळी नाश्त्याआधी डोस लागणारच.

हवंय ते 30/70 (मिश्र इन्सुलिन), मिलीला 40 युनिटवाल्या बाटलीतलं. इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज मिलीला 100 युनिटचं असतं, ते आमच्या लाल टोपीच्या, 40 च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जायचा. त्यामुळे ‘तेच घ्या, काही होत नाही’ असं कृपया कोणी सांगू नका.

डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलमधलं मेडिकल बाहेरच्या पेशंटला चिठ्ठीवर औषध देतं का? खेड-सावर्डे बाजूला कोणाच्या ओळखीचे केमिस्ट असतील तर प्लीज विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ आहे, गाडीही आहे. म्हणाल तिथे लगेच निघतो.