गाडी पुढचा डावा टायर आतूनच खातेय, दोनदा अलाइनमेंट करूनही. सल्ला हवा

घाटवाट
मुक्काम सातारा, आठवड्यातून एक पुणे फेरी, म्हणजे खंबाटकी जाऊन-येऊन. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही घ्यायलाच नको होती'वर जातो. हॅचबॅक, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, टायर १७५/६५ आर१४, चालले २८,००० किमी. पुढचा डावा आतल्या कडेला पार गुळगुळीत, बाहेरच्या कडेला ५ मिमी नक्षी शिल्लक. पुढचा उजवा सगळीकडे सारखा, ५ मिमी. मागचे दोन्ही ६. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी हळूच उजवीकडे जाते. हवा ३३ पीएसआय, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. बजेट ९,००० रुपये, टायर आणि दुरुस्ती धरून. कोणते दोन टायर घेऊ, आणि तेही असेच वाया जाऊ नयेत म्हणून काय करू?

रबरबाबा
दोन कशाला, चारही बदला. एमआरएफ, डोळे झाकून. विषय संपला.

मोठ्ठा_टायर
चार बदलणारच असाल तर १८५/६५ टाका. रस्त्याला पकड वाढते, गाडी उंच दिसते.

घाटवाट
चार बदलणार नाहीये. बजेट वर लिहिलंय.

पाना_नं_१७
१८५/६५ आर१४ चा व्यास ५९६ मिमी, मूळ टायरचा ५८३. म्हणजे २.२ टक्के मोठा. स्पीडोमीटरवर १०० दिसेल तेव्हा मूळच्या मानाने १०२ पळत असाल, पिकअप मंदावेल आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर आतल्या प्लास्टिकला टायर घासतो का ते बघत बसाल. रुंदीच हवी तर १८५/६० आर१४ घ्या, तो ०.९ टक्के लहान, फरक जाणवत नाही. पण धागाकर्त्याचा प्रश्न हा नाहीच.

मोठ्ठा_टायर
०.९ लहान म्हणजे गाडी खाली बसणार. आमच्याकडे गतिरोधक डोंगराएवढे आहेत.

पाना_नं_१७
व्यास साडेपाच मिमी कमी, म्हणजे गाडी खाली येते पावणेतीन मिमी. असो.

नायट्रोजनप्रेमी
हवा साधी भरता का? नायट्रोजन भरा. टायर गार राहतो, झीज थांबते.

सकाळची_हवा
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कंप्रेसरमधली ओल आणि ऑक्सिजन कमी होतो, त्यामुळे दाब थोडा हळू उतरतो, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. पण आतून एका कडेने खाणारा टायर हवेने दुरुस्त होत नाही, साध्याही आणि नायट्रोजनच्याही.

हवेची झीज ओळखायची अशी : कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, मधला भाग उरतो. जास्त असेल तर मधला पट्टा जातो. एकच कड गेली म्हणजे चाक वाकडं उभं आहे किंवा वाकडं धावतंय. जागोजागी खड्डे-उंचवटे पडलेत आणि घूंऽऽ असा आवाज येतोय, तर आधी शॉक अॅब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग बघा.

३३ चं मोजमाप कधी करता? पंपापर्यंत पाच-सात किमी चालवत नेऊन?

घाटवाट
हो, पंप सहा किमीवर. दुपारी जातो.

सकाळची_हवा
मग तुमचे ३३ हे ३३ नाहीत. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी किंवा फार तर दोन किमी चाललेली. धावल्यावर दाब तीन ते पाच पीएसआयने चढतो. तापलेल्या टायरमध्ये ३३ भरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी २९-३० भरतात. हवेचं तापमान १० अंशांनी बदललं की दीड पीएसआय इकडचा तिकडे, म्हणून दिवाळीनंतर थंडी पडली की पुन्हा मोजायचं.

साधं गेज घरी ठेवा, पहाटे मोजा. समजा थंड असताना २९ निघाले, चार कमी. पंपावर गेल्यावर तिथल्या मशीनवर दिसेल त्या आकड्यात चार मिळवून भरा. पंपाचं मशीन दोन-तीन पीएसआय खोटं बोलत असलं तरी या पद्धतीत अडत नाही. शेवटी वाल्ववर थुंकीचं बोट लावून बुडबुडा येतो का बघा आणि टोपण लावा. टोपण शोभेला नसतं, धूळ शिरली की पिन गळते.

एक्सप्रेसवाला
समृद्धीवर जाताना उलट चार-पाच पीएसआय कमी करून जायचं. काँक्रीट तापतं, हवा फुगते, टायर फुटतो.

सकाळची_हवा
हे कृपा करून कोणी करू नका. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची भिंत जास्त वाकते, त्याने टायर तापतो, आणि तोच फुटतो. १२० च्या वेगाने तासभर एकसारखं जायचं तर थंड टायरमध्ये स्टिकरएवढी हवा, चार माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवर पूर्ण भाराचा आकडा असतो तो. तापल्यावर ३७ दिसले म्हणून सोडायची नाही. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, ती भरायची नसते.

एक्सप्रेसवाला
मी तरी कमीच ठेवतो.

रबरबाबा
खंबाटकीची वळणं आहेत हो, घाटाने टायर खाल्लाय. चार बदला आणि दर दहा हजारांना रोटेशन करा.

पाना_नं_१७
घाटात पुढच्या टायरची बाहेरची कड जाते, कारण वळताना भार तिकडे लोटतो. इथे आतली गेलीय.

घाटवाट, आता नीट वाचा. टो (वरून पाहिल्यावर चाकं पुढे आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडला असता तर दोन्ही पुढचे टायर झिजले असते. सरळ जाताना स्टिअरिंग आपोआप मधे येतं आणि टोची चूक दोन्ही चाकांत निम्मी-निम्मी वाटली जाते. एकटा डावा खातोय म्हणजे संशय डाव्या कॅम्बरवर (समोरून पाहिल्यावर चाकाचा झुकाव; डोकं आत म्हणजे उणे, बाहेर म्हणजे अधिक). दुसरा पुरावा तुम्हीच दिलाय : गाडी उजवीकडे ओढते. आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडे असतो, तेव्हा मोकळी सोडलेली गाडी डावीकडे जायला हवी. कॅम्बरमध्ये फरक असला की गाडी ज्या बाजूचा कॅम्बर अधिकाकडे असतो तिकडे ओढते. तुमचं डावं चाक डोकं आत घालून उभं असणार.

खात्रीसाठी तळहात टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं बोचलं तर टो. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत तर कॅम्बर. आणि अलाइनमेंटचा छापील कागद शोधा, त्यावरचे आकडे इथे टाका.

घाटवाट
दोन्हीकडून गुळगुळीत. कागद मिळाला : कॅम्बर डावा उणे १°५०', उजवा उणे ०°२५'. टो हिरव्यात. डावा कॅम्बर लाल होता, पण 'यात अॅडजस्टमेंट नसते' म्हणाले.

गॅरेजगप्पा
लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय. खड्ड्यात आपटली की हेच होतं. आर्म बदला, काम खल्लास.

पाना_नं_१७
आर्म वाकून आत गेला तर चाकाचा तळ आत जातो, कॅम्बर अधिकाकडे सरकतो. इथे उलट आहे. आर्मचं बुश (सांध्यातलं रबर) बघाच, फाटलेलं असेल तर ब्रेक मारताना टो बदलतो आणि उभ्या गाडीच्या मोजणीत ते दिसत नाही. पण हा आजार वरचा आहे.

त्याच कागदावर एसएआय नावाचा कोन असेल (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा आतला झुकाव). त्यात कॅम्बर चिन्हासकट मिळवा. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली तर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा उभा खांब) ज्यावर बसतो तो भाग किंवा सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) सरकलीय. वेगळी आली तर स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलाय, नाहीतर त्या दोघांना जोडणारे दोन बोल्ट घसरलेत.

घाटवाट
एसएआय डावा १२°२०', उजवा १२°२५'. म्हणजे बेरीज डावीकडे १०°३०', उजवीकडे १२°००'. दीड अंशाचा फरक.

पाना_नं_१७
मग सबफ्रेम नाही. क्रम असा : जॅक लावून चाक ९ आणि ३ वर धरून हलवा (टाय रॉड), १२ आणि ६ वर हलवा (बेअरिंग, बॉल जॉइंट). खेळ असेल तर तो आधी काढा. मग स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सैल करून चाकाचं डोकं बाहेर ढकला आणि टॉर्क पान्याने आवळा. छिद्रांतल्या मोकळीकीमुळे अर्धा अंशापर्यंत मिळतो. पुरला नाही तर स्ट्रटचा दांडा वरून हळूच फिरवा. फिरवताना चाकाचं डोकं आत-बाहेर झुललं तर दांडा वाकलाय, स्ट्रट जोडीने बदला. कॅम्बर हलवला की टो हलतोच, त्यामुळे शेवटी पुन्हा अलाइनमेंट, चारही टायरांत हवा सारखी करून. आणि हे सगळं झाल्यावरच नवे टायर.

रबरबाबा
नवे दोन पुढे लावा. ड्राइव्ह पुढे आहे, ब्रेकचा जोर पुढे.

सकाळची_हवा
नवे दोन मागे. पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की परत येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते.

रबरबाबा
दुकानात सगळे पुढेच लावतात.

नायट्रोजनप्रेमी
नायट्रोजनचं कोणी मनावर घेत नाही इथे.

घाटवाट
काम झालं, सांगतो. चाकात खेळ नव्हता. बोल्ट सैल करून डावा उणे १°१५' वर आला. दांडा फिरवून बघितला, डोकं झुललं नाही, म्हणून स्ट्रट बदलला नाही. वरच्या बोल्टच्या जागी बारीक कमरेचा कॅम्बर बोल्ट टाकला. आता डावा उणे ०°३५', टो पुन्हा सेट. गाडी उजवीकडे ओढायची थांबली.

टायर मात्र एकच घेतला. स्टेपनी पूर्ण मापाची आणि एकदाही न वापरलेली आहे, नक्षी तीच, तोच पॅटर्न दुकानात मिळाला. नवा डावीकडे, स्टेपनी उजवीकडे, दोन्ही पुढे. जुना उजवा आता स्टेपनी. सगळं मिळून बजेटमध्ये बसलं.

रबरबाबा
एक टायर??

सकाळची_हवा
मागे लावा म्हटलं होतं. बरं, स्टेपनीच्या भिंतीवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे काय आहेत?

घाटवाट
१४२१.

सकाळची_हवा
म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. भिंतीवर बारीक भेगा आहेत का, हवा भरल्यावर उजेडात बघा. आणि स्टेपनीचा वाल्व नवा घालून घ्या, तोही तेवढाच जुना आहे.

पाना_नं_१७
हजार किमी झाले की दोन्ही कडांची नक्षी मोजून इथे टाका. ते बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या, बारीक कमरेचा बोल्ट पहिल्या काही दिवसांत सरकू शकतो.