पत्र्याच्या घरातली मुलाखत: भिंत छान दिसते, चेहरा काळा पडतो

पर्वतीपायथा:
पुण्यातल्या जनता वसाहतीतल्या कचरावेचक बायकांवर १५ मिनिटांचा माहितीपट करतोय. मुलाखती त्यांच्याच घरात. खोली साधारण १० बाय १०, वर पत्रा, उजेड दारातून येईल तेवढाच. कॅमेरा सोनी एफएक्स३, चित्रण एस-लॉग३मध्ये (फिकट चित्र, रंग नंतर एडिटमध्ये बसवायचे). चाचणीत मागची पांढरी भिंत सुरेख आली, पण बोलणाऱ्या मावशींचे डोळेसुद्धा दिसत नाहीत. एडिटमध्ये उजळवलं की चेहरा राखट होतो आणि दाणे (नॉइज) येतात. दोघींना चेहरा दाखवायचा नाही, त्यांचं सिल्हूट (नुसती काळी बाह्याकृती) घ्यायचा विचार आहे. आणि पुढेही असंच काम करायचं असेल तर शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्यांच्या छोट्या व्हिडिओत) काय ठेवू?

लाइटमीटर:
ऑटो एक्स्पोजर आधी बंद करा. मीटर अख्ख्या फ्रेमचा उजेड मधल्या राखाडीवर आणायला बघतो, म्हणून पांढरी भिंत मोठी असली की चेहरा बुडतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठरवा, मग भिंतीचं बघा.

एस-लॉग३मध्ये १८ टक्के ग्रे कार्ड (उजेड मोजायचं राखाडी पान) उजेडाच्या पट्टीवर ४१ टक्क्यांवर बसतं. गडद सावळी त्वचा त्याच्या साधारण एक स्टॉप (निम्मा उजेड) खाली, म्हणजे तेहतीसच्या आसपास येते. एक स्टॉप जास्त द्या, चेहऱ्याची उजेडाकडची बाजू चाळीसच्या पुढे जाऊ द्या आणि ग्रेडमध्ये (एडिटमध्ये रंग बसवताना) खाली आणा. दाणे कमी होण्याचा खात्रीचा उपाय हाच. झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) ९४ वर लावा, तिथे क्लिप होतं, म्हणजे पांढऱ्यातला तपशील जातो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ठेवा. नाहीच भागलं तर सरळ १२८००. मधल्या ६४०० वर दाणे १२८०० पेक्षा जास्त दिसतात.

सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०. १/६० ठेवलंत तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिव्यांचे पट्टे सरकताना दिसतील.

सावलीवाली:
एक्स्पोजरइतकाच बसण्याच्या जागेचा प्रश्न आहे. मावशींची पाठ दाराकडे असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. त्यांना दारापासून तीन-चार फुटांवर, दाराला तिरकं बसवा, कॅमेरा दाराच्या बाजूला घ्या. पांढरी भिंत जितकी मागे आणि दारापासून लांब, तितकी ती आपोआप गडद होते. भिंतीवर जुनी गडद साडी किंवा चादर टांगली तरी चालते, पण त्यांना विचारून. घर त्यांचं आहे.

सावळ्या त्वचेला आकार येतो तो तिच्यावर दिसणाऱ्या उजेडाच्या प्रतिबिंबामुळे. म्हणून दिवा प्रखर नको, मोठा हवा. ४ बाय ३ फुटांचा थर्माकोल फ्रेमच्या अगदी काठाला, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर धरा आणि ६० वॅटचा एलईडी त्याच्यावर मारा. गालाच्या हाडावर लांबट, मऊ चकाकी दिसली की जागा बरोबर. पावडर अजिबात लावू नका, राखटपणा बऱ्याचदा तिथूनच येतो. उलट खोबरेल तेलाचं हलकं बोट फिरवलं तर चेहरा उठून दिसतो. पोलरायझर काढून ठेवा, तो हीच चकाकी खातो.

घरातला निळसर पांढरा बल्ब बंद करा, नाहीतर ९५ सीआरआयचा (रंग खरे दाखवणारा) बल्ब सोबत न्या आणि तोच लावा. आणि हे फार महत्त्वाचं: मावशी जमिनीवर बसणार असतील तर ट्रायपॉड सोडा, हायहॅट (जमिनीलगतचा बुटका स्टँड) घ्या. लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर. पाच फुटांवरून खाली बघणारा कॅमेरा माणसाला लहान करतो, आणि या बायकांकडे तसं बघणारे आधीच खूप आहेत.

गोंदण:
सिल्हूटबद्दल सावध राहा. लॉगमधलं काळं हे काळं नसतं. लॅपटॉपवर शॅडो वर केली की चेहरा ओळखू येतो, आणि कच्चं फुटेज कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. मागची बाजू चेहऱ्यापेक्षा पाच स्टॉप उजळ असली तरी एवढ्यावर विसंबू नका. पाठमोरं बसवा, किंवा फक्त हात घ्या. हातावरचं गोंदण, बांगड्या, मंगळसूत्र, घराचा नंबर, आवाज, यावरूनही वस्तीत माणूस ओळखला जातो. आवाज बदलायचा असेल तर पिच (आवाजाची पट्टी) बदलण्यापेक्षा दुसऱ्या बाईकडून तेच शब्द म्हणवून घ्या.

संमतीपत्र मराठीत, मोठ्याने वाचून दाखवा. यूट्यूब, महोत्सव आणि टीव्ही यांना वेगवेगळी संमती. सही शूटिंगच्या दिवशी घेऊ नका, आदल्या भेटीत घ्या, म्हणजे नाही म्हणायला अवसर राहतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. संघटनेशी आधी बोलून मग घरात जा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल फ्रेममध्ये येत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ वाचून जा, ओळख उघड करायला बंदी आहे.

लॅपल माईक (कपड्याला लावायचा छोटा माईक) बाईच्याच हातून लावून घ्या. पॉलिएस्टरचा पदर त्यावर घासून सरसर आवाज येतो. ब्लाउजच्या काठाला आतून टेपने पक्का करा.

लाइटमीटर:
शोरील दीड मिनिटाची पुरे. ड्रोन आणि सूर्यास्त काढा. सावळा आणि गोरा चेहरा एकाच फ्रेममध्ये नीट सांभाळलेला एक तरी शॉट हवा, जाणकार दिग्दर्शक तोच बघतात. टीममध्ये बायका हव्या असतील तर इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्हकडे विचारणा करा. वस्तीतल्या कोणी कॅमेरा असिस्ट केला असेल तर श्रेयनामावलीत नाव आणि पैसे, दोन्ही द्या.

पर्वतीपायथा:
दार फ्रेममध्ये ठेवायचंच असेल तर?

सावलीवाली:
दारावर ०.६ ची एनडी जेल (उजेड कमी करणारा पारदर्शक राखाडी कागद) लावा, दोन स्टॉप उतरतील. चौकट मोठी असते, जेल सुरकुतली तर चमकते, म्हणून ताणून लावा. जेल नसेल तर काळी जाळी दाराबाहेर दोन फुटांवर, फोकसच्या बाहेर. दार पूर्वेला असेल तर दुपारनंतरच जा, दारासमोरची जागा सावलीत गेलेली असते.