अनुभव धागा : पुड्यावरची तारीख आणि आपला उन्हाळा

लातूर
एप्रिल लागला की रवा, बेसन, दाण्याचं कूट, सगळ्यावर डोळा ठेवावा लागतो. पुड्यावर तारीख पुढची असते आणि आत जाळी धरलेली. छापलेली तारीख असते बंद पुड्याची, थंड आणि कोरड्या जागेची. बेचाळीस अंशाला तापणाऱ्या पत्र्याखाली ती कोण पाळणार? म्हणून पुडा फोडला की मी डब्याच्या बुडाला मार्करने तारीख टाकते आणि जुनं संपल्याशिवाय वर नवं ओतत नाही. घोळ नको म्हणून एक आधीच सांगते: ‘बेस्ट बिफोर’ ही चव-वास चांगला राहण्याची मुदत, ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटली की खायचंच नाही. तुम्ही काय करता? खाण्याचं, औषधाचं, गॅसचं, काहीही चालेल. गावाचं नाव तेवढं टाका.

जालना (किराणा दुकान)
नवा माल मागं, जुना पुढं, ही दुकानदारीची पहिली शिकवण. गिऱ्हाईकही आता हुशार झालंय, मागं हात घालून पुडा काढतं. काढू द्यावा.
खरी अडचण पाच रुपयांच्या पुड्यांची. दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपारी ऊन सरळ लटकलेल्या माळांवर यायचं आणि शेव-फरसाण तारखेच्या आधीच खवट व्हायचं. माळा आतल्या भिंतीला नेल्या, तक्रारी थांबल्या. दुसरं असं की या पुड्यांची तारीख बहुतेक वेळा वरच्या शिवणीवर, ठिपक्या-ठिपक्यांच्या शाईत असते. माळेतून पुडी ओढली की नेमकी तीच पट्टी फाटून वर राहते. पोरगं पुडी घेऊन पळतं, तारीख माझ्याकडं! म्हणून मी कात्रीनं कापून देतो.
डेट गेलेला माल परत घ्यायला एक एजन्सी फार दमवते. सेल्समन म्हणतो ‘पुढच्या फेरीला’, आणि पुढच्या फेरीला माणूसच नवा. आता महिनाभर आधीच माल वेगळ्या खोक्यात काढून खोक्यावर ‘वापसी’ लिहितो आणि वहीवर त्याची सही घेतो. जुनी बिस्किटं म्हशींसाठी मागायला लोक येतात. बुरशी धरलेली असतील तर म्हशीलाही देऊ नका.

परभणी
आमच्या सासूबाईंना तारीख वाचता येत नाही, पण घरात किडकं काही सापडायचं नाही. त्यांचा नियम एकच, दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळल्यावर त्याला हवा लागते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. म्हणून गिरणीत डबा जातो तो आठवड्याच्या भाकरीपुरताच.
ज्वारी भरायची ती उन्हं देऊन. मूठभर काढून त्या एक दाणा दाताखाली धरतात. कट्ट वाजला तर ‘भर गं माय’, नाहीतर अजून एक ऊन. मग सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरानं. पूर्वी धान्य साठवायला भिंतीतलं बळद होतं, आता पत्र्याची कोठी आहे. पावसाची झड लागली असताना कोठीचं झाकण उघडलं तर बोलणी खावी लागतात, ओल आत गेली की सोंडे आलेच. तूरडाळीला एरंडेलाचा हात.

औसा
पेरणीचं बियाणं पण यात धरा ना. पिशवीच्या लेबलवर वैध मुदत असते, ती बघूनच घ्यायची. घरचं सोयाबीन असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. ७० च्या वर उगवले तर पेरा.

नांदेड (औषध दुकानात कामाला)
रोज विचारला जाणारा प्रश्न: नुसता महिना आणि साल छापलंय, मग औषध कधी संपलं? त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी.
आपल्याकडं लोक चार-चार गोळ्या कापून नेतात. पट्टीवर तारीख एकाच टोकाला असली तर ती दुकानात राहते आणि घरी चांदीचा बिननावाचा तुकडा जातो. ‘दादा, तारखेच्या बाजूनं कापा’ म्हणा, हक्कानं. दुकानदारालाही उरलेल्या गोळ्यांची तारीख लागतेच. मग बिलावर तरी लिहून घ्या.
उघडल्यावरची मुदत वेगळी, हे कुणी धरतच नाही. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून साधारण महिनाभर, मग बाटली अर्धी असो की भरलेली. लहान पोरांचं अँटिबायोटिकचं कोरडं औषध पाण्यात कालवलं की बहुतेक सात दिवस. बाटलीवर लिहिलेलं असतं, तेच खरं. आणि औषधाचा डबा फ्रिजवर ठेवू नका, तिथं गरम असतं. फ्रिजवर!

भूम
खव्याला आमच्याकडं नाक हीच तारीख. पण सुट्या मिठाईच्या ट्रेपुढं ‘बेस्ट बिफोर’ लावायचा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. पाटी नसेल तर विचारा. विचारलं की ताजा ट्रे आतून येतो, हा माझा अनुभव.

बीड
आमचे आई-बाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला जातात, गुढीपाडव्याच्या आगंमागं येतात. तोवर घराला कुलूप. जाताना आई डबे पालथे घालते, डाळी-साळी भावकीत वाटते. आल्यावर तेवढं मागं मिळतं, तारखेची भानगडच नको.
गॅसचं मात्र मी बघतो. ती नारिंगी नळी ५ वर्षांनी बदलायची, तिच्यावरच साल असतं. टाकीच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतून इंग्रजी ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ही मुदत गॅसची नाही, टाकीच्या तपासणीची. उलटलेली टाकी घरात घेऊ नका, गाडीवाल्यासमोरच बघा.

गंगाखेड तालुका (जलसुरक्षक)
पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लिचिंग) पावडरीचं कुणीच लिहिलं नाही. नवी असताना क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास. पोतं उघडं राहिलं, ऊन-ओल लागली की उडून जातो. २० च्या खाली गेली तर विहिरीत टाकून उपयोग नाही, पावडर पांढरी दिसते म्हणून फसू नका. टँकर सुरू झाले की ग्रामपंचायतीत पोतं कधी आलंय ते विचारत जा.

जालना
आमच्या आईचं लोणचं, तारीख : बरणी दिसेपर्यंत.

लातूर
नांदेडचे दादा, ओआरएसची अर्धी पुडी गुंडाळून ठेवली तर चालते का? आमच्या शेजारी तसंच करतात.

नांदेड
नाही ताई. मोठी पुडी एका वेळी पूर्ण, लिटरभर पाण्यात. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. छोट्या पुड्याही मिळतात, ग्लासभर पाण्याच्या, त्या मागा.