सावलीत फक्त देशी झाडंच लावावीत का?

आंब्याखालची
कोथरूडला घरामागे दहा बाय बारा फुटांचा तुकडा, डोक्यावर जुना आंबा. ऊन म्हणाल तर सकाळी तासभर कवडसे. नर्सरीवाला सावलीसाठी ठरलेलंच पुढे करतो: सिंगोनियम, डिफेनबाखिया, मनीप्लांट. पहिली दोन अमेरिका खंडातली, तिसरा पॅसिफिकमधल्या बेटावरचा. यंदा जूनमध्ये सगळं उपटलं. पेव, रानहळद लावली, भिंतीच्या ओलीला हंसराज, आंब्यावर मिरीचा वेल. सह्याद्रीच्या रानात झाडांखाली इतकं वाढत असताना बाहेरचं लावूच नये, असं माझं स्पष्ट मत.

कुंडीबहाद्दर
आणि दिवाळीनंतर काय? पेव न् रानहळद पाऊस सरला की पिवळी पडतात, मग थेट पुढच्या पावसापर्यंत उघडी माती. केलंय मी हे. जागा मोकळी दिसली म्हणून सासऱ्यांनी तिथे सायकल लावायला सुरुवात केली, जूनमध्ये कोंब स्टँडखालून वर आले! शिवाय मिरी? पुण्याच्या कोरड्या एप्रिलात? ती देशी असेल, पण कोकणातली.

आंब्याखालची
मिरीचं मान्य, रोज पाणी मारावं लागेल. पण मोकळं दिसायला नको म्हणून मागे अडुळसा आणि माकडलिंबू आहेतच, ते बारमाही. परवा माकडलिंबाच्या पानावर पक्ष्याची शिट दिसली. काडीने ढकलली तर तिने शिंगं बाहेर काढली! नीलवंताची अळी. २०१५पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे ते. डिफेनबाखियावर इतक्या वर्षांत एक अळी दिसली नव्हती.

कुंडीबहाद्दर
पानं कुरतडत नाही कोणी, म्हणूनच तर लोक तो लावतात हो.

रानवाट
तुमचं चालू द्या, मला एकच विचारायचंय. रानहळद आणली कुठून? पावसाळ्यात मुळशीकडे पिशव्या भरभरून कंद नेणारे बघितलेत मी. रानातून उपटून आणलेल्या देशी झाडापेक्षा तुमचा मनीप्लांट शंभर पटीने बरा. आणि उपटलेलं टेकडीकडेला टाकू नका. घाणेरीसुद्धा बागेची शोभा म्हणूनच आली होती, मग रानभर पसरली.

आंब्याखालची
पेव मैत्रिणीच्या परसातला आहे. रानहळद रस्त्यावर बसलेल्या एका माणसाकडून घेतली. कुठली, ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
मनीप्लांट अजून बादलीत पडून आहे.

कुंडीबहाद्दर
मग मला द्या तो. आणि मिरीचं मे महिन्यात कळवा.